आमदारांच्या प्रश्नाला ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे उत्तर आल्यावर पुढे काय करता येते?

घाटमाथा :

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावी ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय आहे. त्याचे श्रेणीवर्धन करून ५० खाटांचे उपजिल्हा रुग्णालय करण्यास काही वर्षांपूर्वी शासनाने मान्यता दिली. नवी इमारत उभी राहिली, तिला रंग लागला, नामफलकही बसला. परंतु आतमध्ये रुग्ण नाहीत. चौकशी केली तर बांधकाम विभागाकडून असे कळते की इमारत तयार आहे, आरोग्य विभाग ती ताब्यात घेत नाही. आरोग्य विभागाकडून असे कळते की विद्युतीकरण आणि अग्निशमन यंत्रणेचे काम अपुरे आहे, शिवाय वाढीव पदांना मंजुरी नाही. भूलतज्ज्ञ नसल्यामुळे प्रसूतीत अडचण आलेल्या बाईला आजही घाट उतरून जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावे लागते. पावसाळ्यात त्या रस्त्याने रुग्णवाहिका नेणे म्हणजे काय असते, ते इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

आमच्या आमदारांनी या विषयावर विधानसभेत तारांकित, म्हणजे मंत्र्यांकडून सभागृहात तोंडी उत्तर मागणारा, प्रश्न दिला होता. त्याचे छापील उत्तर मी वाचले. पहिल्या भागाला ‘हे अंशतः खरे आहे’, दुसऱ्याला ‘उर्वरित कामे प्रगतिपथावर आहेत’, तिसऱ्याला ‘पदनिर्मितीबाबतची कार्यवाही शासन स्तरावर सुरू आहे’ आणि शेवटच्या भागाला ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे ते उत्तर होते. ते वाचून मन फार खिन्न झाले. गावात आता दोन तट पडले आहेत. काहींच्या मते आमदारांनी आपले कर्तव्य केले, आता मंत्रीच दाद देत नसतील तर ते काय करणार. इतरांना वाटते की हा प्रश्न केवळ वर्तमानपत्रात बातमी यावी म्हणून विचारला गेला.

माझे विचारणे असे आहे की, आपल्या मतदारसंघातील अशा कामाबाबत मंत्र्यांकडून नेमके आणि बांधील राहील असे उत्तर मिळवण्यासाठी आमदाराच्या हाती खरोखर कोणती साधने असतात, ती नीट वापरली गेली की नाही हे आमच्यासारख्याने कशावरून ओळखावे, आणि त्यात नागरिकांनी काही हातभार लावता येतो का? ज्यांना विधिमंडळाच्या कामकाजाचा अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त कक्ष अधिकारी :

मंत्रालयात अनेक वर्षे विधिमंडळ प्रश्नांची उत्तरे तयार करण्याचे काम मी केले आहे. आपण उद्धृत केलेल्या उत्तराकडे पाहिल्यावर तो प्रश्न कसा लिहिला गेला असेल याचा अंदाज करता येतो, म्हणून तिथूनच आरंभ करतो.

आपल्याकडे तारांकित प्रश्नाची एक ठरून गेलेली रचना आहे. ‘अमुक ठिकाणी अमुक काम रखडले आहे, हे खरे आहे काय, असल्यास, या प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ बहुसंख्य प्रश्न याच साच्यातून निघतात. यातील शेवटचा भाग ‘नसल्यास’ या शब्दाने सुरू होतो, हे ध्यानात घ्यावे. आधीच्या भागाला ‘कार्यवाही सुरू आहे’ असे एक वाक्य लिहिले की ‘नसल्यास’ ही अट पूर्ण होत नाही, आणि विलंबाची कारणे सांगण्याचे बंधन आपोआप गळून पडते. ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे उत्तर उद्धटपणाचे वाटते खरे, परंतु प्रश्नाच्या रचनेनेच त्याला वाट करून दिलेली असते. विलंबाची कारणे हवी असतील तर ती कोणत्याही अटीविना, स्वतंत्र भागात विचारावी लागतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आपल्या रुग्णालयाच्या प्रकरणात किमान तीन विभाग गुंतलेले आहेत. इमारत सार्वजनिक बांधकाम विभागाने बांधली, रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचे आहे, आणि नवी पदे निर्माण करायची तर वित्त विभागाची सहमती व उच्चस्तरीय सचिव समितीची मान्यता लागते. प्रश्न केवळ आरोग्यमंत्र्यांना गेला की त्यांच्या विभागाचा कक्ष अधिकारी इमारतीबाबतची माहिती बांधकाम विभागाकडून मागवतो, ती अधीक्षक अभियंत्याकडून कार्यकारी अभियंत्याकडे आणि तिथून उपविभागाकडे जाते, आणि परत येते तेव्हा तिच्यात ‘प्रगतिपथावर’ या शब्दापलीकडे काही उरलेले नसते. यात प्रत्येक वेळी कोणी लबाडी करते असे मी म्हणणार नाही. उत्तर देण्याची मुदत जवळ आलेली असते, एकाच वेळी शेकडो प्रश्न हाताळायचे असतात, आणि ज्या वाक्यामुळे मंत्री अडचणीत येणार नाहीत असे वाक्य लिहिण्याकडे सगळ्या साखळीचा कल असतो.

म्हणून जाणकार आमदार एकच मोठा प्रश्न विचारत बसत नाही. तो बांधकामाविषयी बांधकाम मंत्र्यांना विचारतो, पदांविषयी आरोग्यमंत्र्यांना, आणि प्रत्येक वेळी तारीख मागतो. पदनिर्मितीचा प्रस्ताव आरोग्य विभागाने वित्त विभागाकडे कोणत्या दिनांकास पाठवला? त्यावर वित्त विभागाने कोणत्या दिनांकास कोणत्या त्रुटी काढल्या? त्या त्रुटींची पूर्तता कधी झाली? या प्रश्नांना ‘कार्यवाही सुरू आहे’ असे उत्तर देता येत नाही. तारीख तरी द्यावी लागते, नाहीतर प्रस्ताव गेलेलाच नाही हे कबूल करावे लागते. माझ्या नोकरीच्या काळात आम्हाला धास्ती वाटायची ती मोठ्या आवाजाच्या सदस्यांची नव्हे. शासन निर्णयाचा दिनांक आणि नस्तीचा, म्हणजे फाइलीचा, प्रवास हाती घेऊन बसलेल्या सदस्यांची वाटायची. असा प्रश्न आला की उपसचिव स्वतः नस्ती मागवून घेत, आणि कित्येकदा वर्षभर पडून राहिलेला प्रस्ताव उत्तर देण्याआधीच्या आठवड्यात पुढे सरकत असे. प्रश्न सभागृहात पुकारला गेला नाही तरी त्याने काम केलेले असते, ही बाब बाहेरच्यांना दिसत नाही.

तोंडी उत्तराच्या वेळी उपप्रश्न विचारता येतो, आणि खरी कसोटी तिथे असते. लेखी उत्तर विभागाचे असते, उपप्रश्नाचे उत्तर मात्र मंत्र्यांना उभे राहून द्यावे लागते. अधिकारी दीर्घिकेतून चिठ्ठ्या पाठवतात, परंतु चिठ्ठी पोहोचेपर्यंत मंत्री बोललेले असतात. माहिती अपुरी असेल तर अध्यक्ष प्रश्न राखून ठेवू शकतात किंवा माहिती पटलावर ठेवण्यास सांगू शकतात. आपल्या आमदारांना उपप्रश्नाची संधी मिळाली होती का, आणि मिळाली असल्यास त्यांनी काय विचारले, हे सभागृहाच्या कार्यवृत्तात, म्हणजे तिथे झालेल्या बोलण्याच्या छापील नोंदीत, पाहावे. केवळ छापील उत्तरावरून त्यांच्याविषयी निष्कर्ष काढू नये.

तालुका वार्ताहर :

कक्ष अधिकारी साहेबांनी लिहिलेले अक्षर न् अक्षर खरे आहे, परंतु ते चित्र मंत्रालयाच्या बाजूने दिसणारे आहे. मतदारसंघाच्या बाजूने पाहिले तर आणखी काही अडचणी दिसतात, आणि त्या मांडल्या नाहीत तर सारा दोष प्रश्नाच्या मसुद्याचा आहे असा समज होईल.

पहिली अडचण वेळेची. विधानसभेत २८८ सदस्य आहेत. प्रश्नोत्तराच्या एका तासात मोजकेच तारांकित प्रश्न तोंडी उत्तरासाठी पुकारले जातात, बाकीच्यांची उत्तरे नुसती छापली जातात. आपल्याकडे वर्षातून तीन अधिवेशने होतात. अर्थसंकल्पीय आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. त्यांचे दिवस इतके कमी असतात की एखाद्या तालुक्याच्या रुग्णालयाला सभागृहातील पाच मिनिटे मिळणे हीच मोठी गोष्ट ठरते. जुलै २०२१ मधले पावसाळी अधिवेशन तर दोनच दिवसांचे होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७४ नुसार दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा अधिक अंतर राहू नये एवढेच बंधन आहे; किती दिवस बसावे याचे बंधन नाही.

त्यामुळेच अनेक आमदारांचा भर विधानसभा नियम १०५ खालील लक्षवेधी सूचनेवर असतो. तिच्यात मंत्र्यांना निवेदन करावे लागते, त्यावर प्रश्न विचारता येतात आणि एका विषयाला थोडी अधिक वेळ मिळते. आपल्या रुग्णालयासाठी मी स्वतः लक्षवेधी अधिक उपयोगी मानीन, विशेषतः एखादी दुर्घटना घडली असेल तर. पण इथेही एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. २०२२ नंतर कित्येक महापालिका आणि जिल्हा परिषदा निवडणुकांअभावी प्रशासकांच्या हाती राहिल्या. नगरसेवक किंवा जिल्हा परिषद सदस्य जे विषय आपापल्या सभागृहात सोडवत असत, त्यांच्यासाठी आमदाराशिवाय दुसरे दार उरले नाही. गटारे, पाणीपुरवठा, शाळेच्या खोल्या असे सारे विषय विधानसभेकडे वळले, लक्षवेधींची रांग वाढली, आणि ज्या विषयांवर खरोखर मंत्र्यांनाच जाब विचारायला हवा तेही त्याच रांगेत उभे राहिले. माझ्या मते या काळात झालेले नुकसान अजून कोणी मोजलेले नाही.

दुसरी अडचण स्पष्ट बोलायला हवी. आमदार सत्ताधारी पक्षाचा असेल तर स्वतःच्याच सरकारच्या मंत्र्याला तो कितपत कोंडीत पकडील? जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद पालकमंत्र्यांकडे असते, आणि जिल्ह्यातील कामांचा निधी कुठे जावा यावर त्यांचा मोठा प्रभाव असतो. आमदाराला स्वतःच्या स्थानिक विकास निधीतून वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात. ही मर्यादा २०२२ मध्ये ४ कोटींवरून वाढवली गेली. साडेतीन लाखांच्या आसपास मतदार असलेल्या मतदारसंघाला ही रक्कम कुठवर पुरणार? मोठी कामे पालकमंत्री आणि खात्याचे मंत्री यांच्या मर्जीवर अवलंबून राहतात. ज्यांच्याकडे मागायचे त्यांनाच जाब विचारायचा, अशी ही स्थिती आहे. त्यामुळे सत्ताधारी आमदार सभागृहात प्रश्न विचारण्याऐवजी मंत्र्यांच्या दालनात बैठक लावून घेणे पसंत करतो. कधी कधी तिथे काम होतेही, ते नाकारत नाही. परंतु दालनातील बैठकीचे इतिवृत्त सामान्य माणसाच्या हाती सहसा लागत नाही, आणि मंत्री बदलला की ती बैठक झालीच नव्हती असे होऊन जाते.

विरोधी बाजूचे बळही पाहा. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीनंतर विधानसभेत कोणत्याही एका विरोधी पक्षाकडे एकूण सदस्यसंख्येच्या एक दशांश, म्हणजे २९ जागा नव्हत्या, आणि विरोधी पक्षनेतेपदाचा प्रश्न लोंबकळत राहिला. विरोधी पक्षनेता असला की त्याच्या कार्यालयाकडे राज्यभरातून कागद येतात, अंतिम आठवडा प्रस्तावासारख्या, म्हणजे अधिवेशनाच्या अखेरीस विरोधकांच्या प्रस्तावावर होणाऱ्या, चर्चांमध्ये ते मांडले जातात. ते पद रिकामे राहते तेव्हा आपल्यासारख्या तालुक्याचा आवाज पोहोचण्याचा एक मार्ग बंद होतो. हा विषय केवळ मुंबईतल्या राजकारणाचा आहे असे मानू नये.

माणगंगाकाठ :

वार्ताहरांनी मांडलेल्या अडचणी खऱ्या आहेत, परंतु त्या वाचून कोणी असे समजू नये की विरोधी बाकावरचा किंवा लहान पक्षाचा आमदार काही करू शकत नाही. आमच्या भागाने याच्या उलट पाहिले आहे.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ मध्ये पहिल्यांदा विधानसभेवर निवडून गेले आणि एकंदर ११ वेळा निवडून आले. पक्ष शेतकरी कामगार पक्ष. म्हणजे मंत्रिपदाचे दोन अल्प कालखंड सोडले तर सारे आयुष्य विरोधी बाकावर. मतदारसंघ कायम दुष्काळी. त्यांनी अर्धशतक एकच विषय धरून ठेवला, तो पाण्याचा. मला त्यांच्या पद्धतीविषयी जे सांगायचे आहे ते असे की, ते सभागृहातील प्रश्न आणि सभागृहाबाहेरील संघटन या दोन गोष्टी कधी वेगळ्या करीत नसत. १९९३ पासून आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १३ दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली, तिच्यात गणपतराव होते. परिषदेत हजारो शेतकऱ्यांसमोर मागण्या ठरत, आणि त्याच मागण्या प्रश्न, चर्चा व अर्थसंकल्पावरील भाषणे यांच्या रूपाने सभागृहात जात. मंत्र्यांनी तिथे काय उत्तर दिले ते पुढच्या परिषदेत लोकांना सांगितले जाई. मंत्र्याला माहीत असे की आपण दिलेले उत्तर मुंबईत संपत नाही, ते आटपाडीच्या मैदानात वाचले जाणार आहे.

कृष्णा खोरे विकास महामंडळ १९९६ मध्ये स्थापन झाले, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांची कामे सुरू झाली, रखडली, पुन्हा सुरू झाली. निधी किती मिळाला, पंपगृह कोणत्या टप्प्यावर आहे, कालव्याचे भूसंपादन कोठे अडले, वीजबिल कोण भरणार, असे प्रश्न एकामागून एक अधिवेशनांत येत राहिले. मंत्री बदलले, सरकारे बदलली, प्रश्न विचारणारी माणसे तीच राहिली. कृष्णेचे पाणी माणदेशात आले त्याचे श्रेय एका माणसाला देता येणार नाही. अनेक पक्षांचे लोक आणि अगणित शेतकरी त्यात होते. परंतु चिकाटीने विचारलेल्या प्रश्नाचे मोल काय असते ते आम्हाला या अनुभवातून कळले. एका अधिवेशनात प्रश्न विचारून, उत्तर समाधानकारक नाही म्हणून निराश होऊन सोडून दिले असते तर म्हैसाळचे पंप आजही नकाशावरच राहिले असते.

घाटमाथा यांना माझे सांगणे एवढेच की, आपल्या आमदारांचे मूल्यमापन एका प्रश्नावरून करू नका. पुढच्या अधिवेशनात त्यांनी तोच विषय पुढे नेला का, हे पाहा. आणि मंत्र्यांचे ते उत्तर गावात जाहीरपणे वाचून दाखवण्याची व्यवस्था करा. ग्रामसभा त्यासाठी उत्तम जागा आहे.

पर्वरीकर :

गोव्याहून लिहितो आहे. आमची विधानसभा अवघ्या ४० सदस्यांची. एकेका मतदारसंघात साधारण २५ ते ३० हजार मतदार, म्हणजे तुमच्या मतदारसंघाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. त्यामुळे आमच्याकडे एखाद्या वाड्यावरची जलवाहिनी किंवा एखाद्या शाळेचे छप्परसुद्धा विधानसभेच्या प्रश्नात येते, आणि मंत्र्यांना उत्तरासोबत जोडपत्रे द्यावी लागतात. ही जोडपत्रे हेच आमच्या विधानसभेचे खरे धन आहे असे मला वाटते. कोणत्या कंत्राटदाराला किती रक्कम दिली, कोणत्या सर्व्हे क्रमांकातील जमिनीचे रूपांतर झाले, कोणत्या खात्यात किती पदे रिक्त आहेत, अशी माहिती तक्त्यांच्या स्वरूपात येते, आणि गावोगावचे कार्यकर्ते ती पुढे ग्रामसभेत, न्यायालयात आणि वर्तमानपत्रांत वापरतात. तुमच्या आमदारांनीही प्रश्नात ‘तपशील विवरणपत्राच्या स्वरूपात द्यावा’ असे स्पष्ट मागावे. भाषण विसरले जाते, विवरणपत्र राहते.

संख्याबळाविषयी म्हणाल तर सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसचे ११ पैकी ८ आमदार सत्ताधारी पक्षात गेले आणि आमच्याकडे विरोधी बाकावर सातच जण उरले. तरीही प्रश्नोत्तराच्या तासाला मंत्री तयारी करून येतात, कारण लहान सभागृहात लपायला जागा नसते.

एक सावधगिरीचा शब्द मात्र सांगून ठेवतो. मंत्री ‘सभागृह समिती नेमू’ किंवा ‘चौकशी समिती नेमू’ म्हणाले की बाके वाजवली जातात. जानेवारी २०२३ मध्ये म्हादई नदीच्या पाण्यासाठी आमच्याकडे सभागृह समिती नेमण्याचे ठरले. त्यानंतर समितीच्या बैठकाच होत नाहीत, ही तक्रार विरोधी सदस्यांना पुन्हा सभागृहातच करावी लागली. समितीची घोषणा झाली की तिची पहिली बैठक कोणत्या तारखेला आणि अहवाल कोणत्या तारखेला, हे त्याच क्षणी विचारून घ्यायला हवे. म्हादई हा आमच्या जगण्याचा प्रश्न आहे, म्हणून हे कळकळीने लिहितो.

घाटमाथा :

सर्वांचे मनापासून आभार. कक्ष अधिकारी साहेबांच्या सूचनेनुसार विधानमंडळाच्या संकेतस्थळावर त्या दिवसाचे कार्यवृत्त शोधून वाचले. आमच्या आमदारांचा प्रश्न पुकारला गेला होता आणि त्यांनी उपप्रश्नही विचारला होता. त्यावर मंत्री महोदयांनी ‘येत्या तीन महिन्यांत पदनिर्मितीचा प्रस्ताव मान्य करून घेऊ आणि रुग्णालय सुरू करू’ असे उत्तर दिले आहे. हे वाक्य गावात कोणालाच माहीत नव्हते, कारण बातमी केवळ छापील उत्तरावरून दिली गेली होती. तीन महिन्यांची मुदत केव्हाच उलटली आहे. आमचे आमदार सत्ताधारी पक्षाचे आहेत, त्यामुळे वार्ताहर म्हणतात ती अडचण इथे आहेच. आता या वाक्याचे पुढे काय करावे?

निवृत्त कक्ष अधिकारी :

आपल्या हाती फार मोलाची गोष्ट लागली आहे. मंत्र्यांनी सभागृहात ‘करू’ म्हटले की ते आश्वासन ठरते, आणि त्याची नोंद घेणारी स्वतंत्र व्यवस्था आपल्या विधिमंडळात आहे. कार्यवृत्तातून अशी वाक्ये वेचून काढली जातात, ती संबंधित विभागाकडे पूर्ततेसाठी पाठवली जातात, आणि ठरलेल्या मुदतीत पूर्तता झाली नाही तर विभागाला मुदतवाढ मागावी लागते. आश्वासन समिती विभागाच्या सचिवांना साक्षीसाठी बोलावू शकते. या समितीत सर्व पक्षांचे सदस्य असतात, आणि समितीसमोर सचिवांना पडणारे प्रश्न सभागृहातल्यापेक्षा पुष्कळ तपशिलाचे असतात. दुर्दैवाने या समितीचे काम वर्तमानपत्रांत फारसे येत नाही आणि मतदारही त्याविषयी विचारत नाहीत, त्यामुळे प्रलंबित आश्वासनांचे ढीग साचतात. माझ्या मते आमदाराच्या हातातील सर्वांत दुर्लक्षित साधन हेच आहे.

आपल्या आमदारांना भेटून पहिली विनंती अशी करावी की, अमुक दिनांकाच्या कार्यवृत्तातील मंत्र्यांचे हे विधान आश्वासन म्हणून नोंदले गेले आहे का, याची त्यांनी विधानमंडळ सचिवालयाकडे लेखी विचारणा करावी. आमदार सत्ताधारी असले तरी यात त्यांना संकोच वाटण्याचे कारण नाही, कारण ते सरकारवर टीका करीत नाहीत, सरकारने दिलेला शब्द पाळला जावा एवढेच मागत आहेत. मंत्री आणि आमदार दोघांनाही सोयीची अशी ही वाट आहे, आणि वार्ताहरांनी सांगितलेल्या कोंडीतून ती बाहेर नेते.

दुसरे म्हणजे, प्रश्न केवळ आपल्याच मतदारसंघाच्या आमदाराने विचारला पाहिजे असा नियम नाही. विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत. त्यांत स्थानिक प्राधिकारी, पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतून आलेलेही असतात, आणि त्यांनाही मंत्र्यांना प्रश्न विचारता येतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६४ नुसार मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या विधानसभेलाच जबाबदार आहे, म्हणून सरकारवरील अविश्वासाचा अधिकार परिषदेला नाही. उत्तर मिळवण्याचा अधिकार मात्र पुरता आहे. एकाच विषयावर दोन्ही सभागृहांत प्रश्न गेला की उत्तरे एकमेकांशी जुळवावी लागतात, आणि तिथे विभागाला मोघम लिहिणे जड जाते.

याशिवाय अर्थसंकल्पीय अधिवेशनात आरोग्य विभागाच्या खर्चाच्या मागण्यांवर चर्चा होते तेव्हा कपात सूचनेद्वारे, म्हणजे मागणीतील रक्कम कमी करावी अशा सूचनेद्वारे, हा विषय मांडता येतो. तिचा उपयोग मतदान जिंकण्यासाठी नसतो, खात्याच्या नोंदीवर विषय आणण्यासाठी असतो. पूर्वीचे उत्तर अपुरे होते या कारणास्तव नियम ९४ खालील अर्धा तास चर्चेची सूचनाही देता येईल. तिला वेळ मिळेल याची खात्री नसते, तरी देऊन ठेवावी.

आता कागदांविषयी. आमदारांच्या स्वीय सहायकाकडे रोज शेकडो निवेदने येतात. ‘रुग्णालय सुरू करावे’ असे आणखी एक निवेदन देऊ नका. माहितीच्या अधिकारात १० रुपयांचे शुल्क भरून कार्यकारी अभियंत्यांच्या कार्यालयाकडून इमारत पूर्ण झाल्याच्या दाखल्याची प्रत आणि जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाकडून ताबा घेण्याबाबतचा पत्रव्यवहार मागवा. दोन्ही अर्ज वेगवेगळे करा आणि प्रत्येकात एकच विषय ठेवा, कारण आपल्या राज्याच्या नियमांनुसार अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. हे कागद आणि श्रेणीवर्धनाच्या शासन निर्णयाची प्रत हाती आली की पुढील मसुदा आमदारांना द्यावा. मी तो प्रश्नाच्या नेहमीच्या भाषेतच लिहीत आहे, म्हणजे सचिवालयात तो दुरुस्तीसाठी अडणार नाही.

‘(१) अमुक तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयाचे ५० खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयात श्रेणीवर्धन करण्यास शासनाने दिनांक अमुक रोजी मान्यता दिली व त्यासाठीच्या इमारतीचे बांधकाम दिनांक अमुक रोजी पूर्ण झाले, हे खरे आहे काय, (२) सदर इमारत आरोग्य विभागाने कोणत्या दिनांकास ताब्यात घेतली वा घेण्यात येणार आहे, (३) सदर रुग्णालयासाठी आवश्यक पदांच्या निर्मितीचा प्रस्ताव वित्त विभागाकडे कोणत्या दिनांकास सादर करण्यात आला व त्याची सद्यःस्थिती काय आहे, (४) याबाबत मंत्री महोदयांनी दिनांक अमुक रोजी सभागृहात तीन महिन्यांची मुदत दिली होती, त्या आश्वासनाची पूर्तता कोणत्या दिनांकापर्यंत करण्यात येईल, (५) पूर्ततेस झालेल्या विलंबाची कारणे काय आहेत?’

पाहा, यात ‘नसल्यास’ हा शब्द कुठेही नाही. विद्युतीकरण आणि अग्निशमन यंत्रणेविषयीचा प्रश्न बांधकाम मंत्र्यांना स्वतंत्रपणे द्यावा, तो यात मिसळू नये. तारांकित प्रश्नांच्या सूचना देण्याची मुदत अधिवेशन सुरू होण्याच्या पुष्कळ आधी संपते, त्यामुळे माहिती अधिकाराचे अर्ज या आठवड्यातच टाका. उत्तर यायला ३० दिवस लागतात हे धरून चालावे.

तालुका वार्ताहर :

कार्यवृत्तातील त्या पानाची प्रत मला पाठवता येईल का? मंत्र्यांनी दिलेल्या तीन महिन्यांच्या मुदतीची बातमी आमच्या भागातील कोणत्याही वर्तमानपत्रात आलेली नाही, माझ्याही. आमदारांना आपण मसुदा द्याल त्याच्या आधी ती छापून यावी असा माझा प्रयत्न राहील, आणि बातमीत आमदारांनी विचारलेल्या उपप्रश्नाचाही उल्लेख त्यांच्या नावानिशी असेल. तो उपप्रश्न त्यांनी चांगला विचारला होता.